पलटणीची घरं आणि माझी सही

कर्नल साहेबांनी दोन्ही नकाशे भिंतीवर शेजारी शेजारी लावायला सांगितले आणि ते केतकीच्या नकाशासमोर जाऊन उभे राहिले. माझ्या नकाशाकडे त्यांची पाठ होती. पाच मिनिटं झाली, सात झाली, पाठ काही वळेना.

"बच्चों को ट्रकवाली सड़क क्रॉस ही नहीं करनी पड़ रही," शेवटी ते म्हणाले. "व्हेरी गुड. किसका आयडिया है?"

"सर, माझा... मेरा," केतकी म्हणाली.

पुण्याची मुलगी, इंदूरला येऊन आठ महिने झालेले, हिंदी अजून अडखळत बोलायची. ते अडखळणंसुद्धा साहेबांना आवडलं असावं, कारण ते हसले. माझ्या नकाशात शाळेची मुलं ट्रकचा रस्ता दोनदा ओलांडत होती. मला ते तोपर्यंत दिसलंच नव्हतं. दोन्ही नकाशे शेजारी लागल्यावर दिसलं, आणि त्या क्षणी पोटात जे दुखायला लागलं ते पुढे कित्येक महिने दुखत राहिलं. ही हकिगत त्या पोटदुखीची आहे. नगररचनेचं त्यात जे येईल ते ओघाने.

मी मोरे. सिव्हिलचा डिप्लोमा, एकतीस वर्षं एकाच कंपनीत. कंपनी म्हणजे बडा गणपतीजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचं बारा माणसांचं ऑफिस. मालक पागनीस सर, मल्हारगंजातले, चार पिढ्या इंदुरात मुरलेले. वाक्य मराठीत सुरू करतात आणि संपेपर्यंत हिंदीत पोचतात. आम्ही कॉलन्यांचे, कॉलेजांचे, कारखान्यांचे लेआउट करतो. या वेळी काम मोठं आलं होतं. महूच्या पुढे सैन्याच्या जमिनीवर एक अख्खी ब्रिगेड कायमची वसवायची होती. तिच्यासाठी काय लागेल, किती लागेल आणि कुठे लागेल, याचा आराखडा आम्ही करायचा होता.

ब्रिगेड म्हणजे साधारण तीन पलटणी आणि त्यांच्या दिमतीला सिग्नलवाले, गाड्यावाले, दवाखानावाले, अशी काही हजार माणसं. गाव वसवण्यासारखंच काम, फक्त या गावातली माणसं दोन-तीन वर्षांनी बदलतात आणि गाव तिथेच राहतं. एकटे राहणारे जवान बॅरेकमध्ये. त्या बॅरेकच्या रांगांना लाइन्स म्हणतात. लाइन्सपासून हाकेच्या अंतरावर कोत, म्हणजे हत्यारांची खोली. मग परेडचं मैदान, लंगर, म्हणजे जवानांची भोजनशाळा, आणि एमटी पार्क, म्हणजे ट्रक आणि जीपा उभ्या करायचं आवार. त्याचा आवाज आणि डिझेलचा वास वाऱ्याबरोबर घरांकडे जाता कामा नये. घरं, म्हणजे फॅमिली क्वार्टर्स, वेगळ्या बाजूला, हुद्द्याप्रमाणे. ती सगळ्यांना पुरत नाहीत, नंबर लावावा लागतो. नंबर लागला की बायकामुलांना आणायचं, मुदत संपली की गावी पाठवायचं. आणि या सगळ्याच्या खाली आमची माळव्याची काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्या भरवशावर उभं केलेलं घर तडकतं. म्हणून पाया खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो.

यातलं काहीही मला पुस्तकात बघावं लागत नव्हतं. माझे आजोबा पलटणीत होते, वडील पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. महूत आमच्या समाजात अशी घरं कितीतरी. मी अजूनही महूतच राहतो, रोज इंदूरला जाऊन-येऊन करतो, आणि ही जमीन माझ्या घरापासून चार किलोमीटरवर. हे काम माझं होतं. ऑफिसात कुणालाही विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं. म्हणजे आठ महिन्यांपूर्वी विचारलं असतं तर.

त्या मीटिंगनंतर परत येताना पागनीस सर गाडीत म्हणाले, "मोरे, तू टेन्शन नको घेऊ यार. तुझा नक्शा पण बढियाच आहे. पण साहेबांना दुसरावाला पसंत आला, तर आपण काय करणार? असं करू, क्वार्टर्सचं डिझाइन केतकी करेल. चेकिंग तू कर."

"चेकिंग?"

"अरे भिया, चेकिंगला अनुभवी माणूस पाहिजे ना."

प्रत्येक ड्रॉइंगच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. तिला टायटल ब्लॉक म्हणतात. त्यात डिझाइन करणाऱ्याचं नाव, काढणाऱ्याचं नाव, आणि सगळ्यात खाली 'चेक्ड बाय'. चेक करणारा म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात अक्षता टाकणारा. निदान मी तेव्हा तसं समजत होतो.

"आणि साइट?" मी विचारलं.

बांधकाम सुरू झालं की कंपनीचा एक माणूस साइट इन-चार्ज म्हणून तिथे राहणार होता, पुरी तीन वर्षं. मला निवृत्तीला तेवढीच उरली होती. मला ती जागा हवी होती. अख्ख्या नोकरीत मी कधी काही मागितलं नव्हतं, पण ही हवी होती. महूत लोकांनी म्हणावं, हवालदार मोरेंच्या मुलाने ब्रिगेडची घरं बांधली. आई अजून आहे, तिच्या कानावर ते जावं.

"ते बोर्ड झाल्यावर देखेंगे," सर म्हणाले. बोर्ड म्हणजे सैन्याच्या अधिकाऱ्यांची समिती. ती जागेवर येऊन आराखडा तपासते, पास करते किंवा परत पाठवते. "बोर्डात ज्याचं काम चमकेल, साइट त्याची. फेअर आहे की नाही?"

केतकीबद्दल मला काय काय खुपत होतं ते सांगून टाकतो. अख्खं ऑफिस मला मोरेजी म्हणायचं. ती पहिल्याच दिवशी मोरे काका म्हणाली. मी चार दिवसांत काढायचो तो जमिनीचा उतार ती कॉम्प्युटरवर जेवणाच्या सुट्टीआधी काढायची. संध्याकाळचा चहा पागनीस सर वर्षानुवर्षं माझ्याबरोबर घ्यायचे. आधी "केतकीला पण बोलाव" झालं, मग नुसतं "केतकीला बोलाव" झालं. बोलवायला मात्र मीच जायचो. तरी ती उद्धट नव्हती, कामचुकार नव्हती, कुणाची निंदा करत नव्हती. त्यामुळे घरी जाऊन बायकोला सांगण्यासारखंही काही हाती लागत नव्हतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिचं काम चांगलं होतं. वाईट असतं तर मी तिला मायेने शिकवलं असतं.

दोन महिन्यांनी तिच्या क्वार्टर्सचे प्रिंट माझ्या टेबलावर आले. मी लाल पेन्सिलीला टोक काढलं आणि चुका शोधायला बसलो. दोन दिवस शोधल्या. एका शीटवर उत्तर दिशेचा बाण राहिला होता. एका दाराचं माप दोन ठिकाणी वेगवेगळं होतं. संडासाच्या खिडकीची उंची इंचभर कमी होती. मी तिन्ही ठिकाणी एवढी मोठी लाल वर्तुळं काढली की लांबून बघणाऱ्याला वाटावं, इमारत पडायला आली आहे.

तिसऱ्या दिवशी जिन्याचं ड्रॉइंग समोर आलं आणि मी थांबलो.

जिना दिसायला सुंदर होता. वळणावरची सपाट जागा, जिला आम्ही लँडिंग म्हणतो, तिने जेमतेम ठेवली होती आणि वाचलेली जागा बाल्कनीला दिली होती. चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या पायऱ्यांच्या मध्ये कठडा नव्हता. त्या जागी खालपासून छतापर्यंत विटांची जाळीदार भिंत होती, हवा खेळती राहावी म्हणून. नियमात सगळं बसत होतं. माणसं आरामात वर गेली असती. माझ्या डोक्यात मात्र एकच प्रश्न आला. पेट्या वर कशा जाणार?

जवानाच्या घरी कपाटं नसतात, पेट्या असतात. लाकडी, मोठ्या, काळ्या रंगाच्या, वर पांढऱ्या अक्षरांत नंबर, हुद्दा आणि नाव. बदली झाली की अख्खा संसार त्यांत भरून ट्रकमध्ये चढतो. नव्या जागी त्याच पेट्या ओळीने मांडून वर गादी टाकली की दिवाण झाला, एकीवर एक रचल्या की टेबल झालं. आमच्या सात होत्या. मी दुसरीत असताना वडिलांचा नंबर लागला आणि महूतच क्वार्टर मिळालं, वरच्या मजल्यावरचं. तीन वर्षं आम्ही तिथे होतो. त्यातल्या एका पेटीवर आईने बुद्धाची मूर्ती ठेवली होती. वडील रोज संध्याकाळी घरी जेवायला असायचे, अशी आमच्या घरातली ती तीनच वर्षं.

भरलेली पेटी जिन्याच्या वळणावर नुसती वळत नाही. दोघांनी ती कठड्याच्या वर उचलायची, हवेत फिरवायची आणि पलीकडच्या पायऱ्यांवर टेकवायची. केतकीच्या जिन्यात जिथे कठडा हवा होता तिथे भिंत होती. आणि पेट्या कशाबशा वर नेल्याच, तर खोलीत ठेवायच्या कुठे? दोन्ही भिंतींना तिने बांधीव कपाटं दिली होती. आमच्याकडच्या नियमांच्या कागदांत पेट्यांचा उल्लेख मला तरी कुठे दिसला नव्हता. ही गोष्ट कळायला त्या घरात राहिलेलंच माणूस लागतं.

मी लाल पेन्सिल उचलली आणि परत खाली ठेवली.

दुपारी केतकी स्वतःच आली. "काका, ही घरं तुम्ही जवळून बघितली असतील ना? मला खरंच सांगा, काही राहिलंय का? मी अशा घरात कधी गेलेच नाहीये. बघायला परमिशन मागितली होती, ती अजून आली नाही."

"सब ठीक आहे," मी म्हटलं. "उत्तरेचा बाण तेवढा टाक."

"नक्की?"

"अगं, इतकी वर्षं हेच तर करतोय."

ती थँक यू म्हणून गेली. मी सगळ्या शीटवर 'चेक्ड बाय'पुढे सही केली.

आमची आई एक म्हण नेहमी वापरते. नवरा मेला तरी चालेल, पण सवत रंडकी झाली पाहिजे. माझं गणित याहून वेगळं नव्हतं. बोर्डावर पलटणीतलं कुणीतरी असणारच. ते पेट्यांचं विचारतील. केतकीला उत्तर देता येणार नाही. मग मी पुढे होऊन म्हणेन, साहेब, हे मी बघतो. आराखडा एकदा परत आला तरी हरकत नाही, साइट माझी होईल.

बोर्डाला तीन आठवडे होते. सांगायला एकवीस दिवस मिळाले, असंही म्हणता येईल. पण मधेच केतकीने आणखी एक आयडिया काढली. बोर्डाला नुसते कागद दाखवण्याऐवजी जागेवर प्लायवूडची एक खोली आणि जिन्याचं एक वळण खऱ्या मापाचं उभं करायचं. पागनीस सर खूश. "क्या बात है! हे आपल्याला आजपर्यंत कुणाला नाही सुचलं, मोरे," असं त्यांनी मला दोनदा ऐकवलं. मल्हारगंजातल्या एका कारखान्यात काम दिलं आणि देखरेखीला मला पाठवलं. तिथल्या वयस्कर मिस्त्रीने पहिली पायरी ठोकायच्या आधीच नकाशा हातात धरून विचारलं, "भिया, ये जीना थोड़ा तंग नी लग रिया आपको?"

"नक्शे में जो है वो बनाओ," मी म्हटलं.

"आप बोलो तो ठीक," तो म्हणाला आणि त्याने करवत घेतली.

बोर्डाच्या दिवशी जागेवर छोटा मंडप होता. कर्नल साहेब आले, आणखी तीन अधिकारी आले. त्यांच्यामागून एक ट्रक आला. ट्रकमधून सुभेदार मेजर साहेब उतरले. ज्यांना पलटणीची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, सुभेदार मेजर हा जवानांमधून वर आलेला सगळ्यात ज्येष्ठ माणूस. घरं, लंगर, रजा, मुलांची शाळा, जवानाचं जे काही दुखतं-खुपतं ते याच्या दारात जातं, आणि कर्नलसुद्धा त्याचं ऐकून घेतो. या साहेबांशी माझी आधी दोनदा भेट झाली होती. दोन्ही वेळा मी त्यांना आवर्जून सांगितलं होतं, की मी महूचा, फौजीचा मुलगा.

केतकीने प्लायवूडची खोली दाखवली. अधिकाऱ्यांनी कपाटं उघडून-मिटून बघितली, बाल्कनीत उभे राहिले, माना डोलावल्या. माझ्या मनात आलं, कुणी काही विचारतच नाही वाटतं. तेवढ्यात सुभेदार मेजर साहेबांनी ट्रककडे हात केला. चार जवानांनी एक काळी पेटी खाली उतरवली.

"हमारी खुद की है, भरी हुई," ते म्हणाले. "मकान देखना है तो सामान के साथ देखेंगे, सर."

कर्नल साहेब हसून बाजूला झाले. दोन जवान पुढे, दोन मागे, पेटी जिना चढू लागली. पहिल्या सात पायऱ्या नीट झाल्या. लँडिंगवर पुढचे दोघं वळले आणि पेटीचा कोपरा जाळीच्या भिंतीला लागला. त्यांनी ती तिरकी केली, उभी केली, पुन्हा आडवी केली. आत भांडी खडखडली. वर उचलायला गेले तर वर फिरवायला जागाच नव्हती. शेवटी प्लायवूड करकरलं आणि कर्नल साहेब म्हणाले, "बस, रहने दो. उतारो."

"अपनी ऐसी आठ हैं," सुभेदार मेजर साहेब शांतपणे म्हणाले. "किसी के पास छह, किसी के पास दस. ऊपर गई भी तो रखेंगे कहाँ? दीवारें तो अलमारी ने ले लीं."

याच क्षणाची मी तीन आठवडे वाट बघत होतो. ठरवल्याप्रमाणे एक पाऊल पुढेही टाकलं. पण कर्नल साहेब टेबलावरच्या ड्रॉइंगवर वाकले होते आणि त्यांचं बोट खालच्या उजव्या कोपऱ्यात होतं.

"डिझाइन मैडम का है. ठीक है, नई हैं. चेक किसने किया? मोरे कौन है?"

"मैं, सर."

सुभेदार मेजर साहेबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नवलाने. "मोरे साब, आप तो महू के हो. फादर फौज में थे, आपने ही बताया था. आपको पेटी याद नहीं आई?"

मंडपात सगळे माझ्याकडे बघत होते. एवढी साधी गोष्ट एकवीस दिवसांत माझ्या डोक्यात आली नव्हती. मी पुढे होऊन 'मला माहीत आहे' म्हटलं, की पुढचा प्रश्न येणार, मग सही का केलीत? माझ्याकडे दोनच उत्तरं होती. माहीत होतं, किंवा माहीत नव्हतं. पहिलं दिलं असतं तर मी माणूस म्हणून गेलो असतो. मी दुसरं दिलं. पण हवालदाराच्या मुलाला पेटी माहीत नाही, हे कुणाला पटणार? म्हणून त्याला जोड द्यावी लागली.

"साहब, फादर को कभी क्वार्टर मिला नहीं," मी म्हणालो. "नंबर ही नहीं आया. हम लोग अपने घर में ही रहे. क्वार्टर के अंदर का मुझे आइडिया नहीं था."

सुभेदार मेजर साहेबांचा चेहरा एकदम मऊ झाला. "हाँ," ते म्हणाले, "उस टाइम बहुतों को नहीं मिलता था."

"सर, गलती मेरी है," केतकी मध्येच म्हणाली. "मैंने घर देखे बिना डिझाइन किया. काकांना... इनको कैसे पता होगा? इनको तो मिला ही नहीं था."

ती माझी बाजू घेत होती. तीन आठवड्यांत मला तिचा जेवढा मत्सर वाटला नव्हता तेवढा त्या मिनिटात वाटला.

कर्नल साहेबांनी निकाल दिला. लेआउट पास, घरं परत. पंधरा दिवसांत नवीन ड्रॉइंग. केतकीने तिथेच विचारलं, की पंधरा दिवसांत राहती क्वार्टर्स आतून बघायला मिळतील का, आणि तिची अडलेली परमिशन तिथल्या तिथे मिळाली.

परतताना राऊ गाव मागे पडल्यावर सर गाडीत म्हणाले, "मी तर तुझ्या भरोशावर होतो, मोरे. मला वाटायचं, फौजी घरांचं तुला सगळं पता आहे. तू कधी बोलला नाहीस, की तुम्हाला क्वार्टर मिळालंच नव्हतं."

"विषय निघाला नाही," मी म्हटलं.

पुढचे दहा दिवस केतकी टेप घेऊन क्वार्टर्समध्ये फिरत होती. बायकांनी तिला चहा पाजला, पेट्या उघडून दाखवल्या, कुठली पेटी कशावर बसते ते सांगितलं. रोज संध्याकाळी ती माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसायची आणि मला समजावून सांगायची. "काका, तुम्हाला माहीत नसेल, पण ते पेट्यांचाच दिवाण करतात. सगळ्यात जड पेटी भिंतीकडे. वळणावर पेटी कठड्यावरून उचलून फिरवतात, म्हणून कठडा कमरेएवढाच हवा." ती हातवारे करून पेटी कशी फिरवतात ते दाखवायची. एक गोष्ट ती चुकीची दाखवायची. पुढच्या माणसाचा हात वरच्या कडीला नसतो, खालून असतो. मी मान हलवून "अच्छा, असं आहे का" म्हणायचो. दुरुस्त करायची सोय राहिली नव्हती.

नवीन ड्रॉइंगमध्ये लँडिंग रुंद झालं, जाळीची भिंत गेली, कमरेएवढा कठडा आला. खोलीत एक भिंत सलग मोकळी राहिली, खिडकी मुद्दाम उंच, म्हणजे खाली पेट्यांची ओळ बसेल. बोर्डाने पास केलं. सुभेदार मेजर साहेबांनी पुन्हा पेटी आणली होती आणि ती या वेळी वर गेली.

साइट केतकीला मिळाली. "घरांचं तिला समजतं," पागनीस सर म्हणाले, "आणि बायका तिच्याशी बोलतात. तू पायाचं बघ. काळ्या मातीत तुझा हात कुणी नाही धरणार." म्हणजे मी साइटवर गेलो, पण तिच्या हाताखाली. आता वर्ष होऊन गेलं. खड्डे मुरमापर्यंत गेलेत की नाही ते मी बघतो, ती सही करते. काम ती उत्तम करते, आणि मला अजूनही ते बघवत नाही. मत्सर मनुष्याला शहाणा करतो वगैरे काही मी ऐकलेलं नाही, आणि माझ्या बाबतीत तरी झालेलं नाही.

पहिला ब्लॉक गेल्या महिन्यात पूर्ण झाला. सुभेदार मेजर साहेब मला हाताला धरून वर घेऊन गेले. एकेक गोष्ट सावकाश दाखवली. इथे बच्चे झोपतात. इथे पेट्या लागतात. इथे देवाचं ठेवतात. परक्या घरातल्या पाहुण्याला दाखवावं तसं त्यांनी मला क्वार्टर दाखवलं, आणि मी ते पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघितलं. निघताना ते म्हणाले, "माताजी को ले आइए एक दिन. उनको भी दिखा देंगे, फौजी का क्वार्टर अंदर से कैसा होता है."

घरी आईचंही तेच चाललं आहे. पंच्याऐंशी वर्षांची आहे, पण गाडीत बसून येईल म्हणते, जिना धरून चढेन म्हणते. तिला नवीन क्वार्टर बघायचं आहे आणि आपल्या जुन्याशी ताडून बघायचं आहे. आपलं वरच्या मजल्यावरचं, सात पेट्यांचं, हे ती दारातच सुभेदार मेजर साहेबांना सांगणार. दोन मिनिटंसुद्धा लागणार नाहीत. म्हणून मी कधी पाऊस म्हणतो, कधी साइटवर चिखल आहे म्हणतो, कधी साहेब रजेवर आहेत म्हणतो.

नव्याने चेकिंगला बसणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. जे माहीत आहे ते त्याच दिवशी लाल पेन्सिलीने लिहा. नंतर ते माहीत नव्हतं असं सांगावं लागतं, आणि मग ते सांभाळत बसावं लागतं.